आफ्रिकेतल्या मामाचं बक्षीसपत्र

"मुलगा तुमचाच आहे, याचा काहीतरी पुरावा लागेल," असं मी मेहबूबचाचांना म्हणाले आणि ते खुर्चीतून उठलेच. लक्ष्मीपुरीतल्या आमच्या ऑफिसचा जिना चढून आल्यामुळं त्यांना आधीच धाप लागली होती.

"पुरावा? वकीलबाई, ह्यो फोटू बगा. आता माज्या नाकाकडं बगा. आनि काय पुरावा पायजे?"

मस्कतला गेलेल्या मुलाचा पासपोर्टवरचा फोटो त्यांनी माझ्या डोळ्यांपुढं धरला. नाक खरोखर तेच होतं. मधे उंचवटा, शेंड्याला किंचित डावीकडं वळलेलं. पण इन्कमटॅक्सच्या फायलीला नाक जोडता येत नाही. शेवटी मुलाचा शाळेचा दाखला आणला, त्यावरच्या बापाच्या नावानं काम भागलं, आणि मुलाच्या पैशातून चाचांनी घेतलेलं टेलरिंगचं दुकान निर्वेध झालं. चाचांनी मात्र ती गोष्ट मनात ठेवली. पुढं कधीही मी ब्लाऊज शिवायला टाकला की विचारायचे, "कापड तुमचंच हाय काय? पुरावा आना."

माझी सगळी हयात अशा पुराव्यांत गेली. एका जुन्या कर-वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, संध्याकाळी कायदा शिकले आणि पुढं त्याच ऑफिसात स्वतःची टेबल-खुर्ची मांडली. बाईमाणूस इन्कमटॅक्सची कामं करते याचं त्या वेळी कोल्हापुरात लोकांना नवल वाटायचं. काही पक्षकार यायचे, माझ्याकडं बघायचे आणि "साहेब कवा येनार?" असं विचारून बाकावर बसून राहायचे. मीही त्यांना थोडा वेळ बसू द्यायची.

साखर कारखान्याच्या ठेकेदारांची, गुळाच्या अडत्यांची, शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांची कामं असायचीच. पण सत्तरचं दशक सरत आलं तसं एक नवं काम वाढलं. गावागावातली पोरं अरबांच्या देशात जाऊ लागली होती आणि तिकडून घरी पैसे येऊ लागले होते. घर, दुकान, मशीन काहीतरी उभं राहायचं आणि मग सरकार विचारायचं, हे कशातून केलं?

याचं उत्तर सोपं होतं, ते कागदावर आणणं अवघड. परदेशातल्या नातेवाइकानं तिथल्या कमाईतून, बँकेमार्फत, आपल्या माणसाला पैसे भेट दिले तर ते उत्पन्न धरलं जात नसे. त्यावर कर नाही. फक्त तीन गोष्टी दाखवाव्या लागत. देणारं माणूस खरंच आहे, त्याची एवढं देण्याची ऐपत आहे, आणि त्यानं ते राजीखुशीनं दिलं आहे. पहिल्या दोन्हींना पासपोर्ट, पगाराचा दाखला, बँकेचा कागद चालायचा. तिसरीसाठी देणाऱ्याचं सही केलेलं पत्र लागायचं. आम्ही त्याला बक्षीसपत्र म्हणायचो, लोक 'गिफ्टचं लेटर' म्हणायचे. ते इंग्रजीत असायचं आणि त्यात एक ठरलेलं वाक्य असायचं. मराठीत सांगायचं तर, 'नैसर्गिक प्रेम आणि आपुलकीपोटी ही भेट देत आहे.'

हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं असेल, देव जाणे. इन्कमटॅक्सचे साहेब लोक मात्र ते वाचून हसायचे, आणि त्यांचंही चूक नव्हतं. स्वतःचाच लपवलेला पैसा परदेशातल्या कुणा भलत्याच माणसाच्या नावानं 'भेट' म्हणून फिरवून आणायचा, हा धंदा करणारे दलाल तेव्हा निघाले होते. त्यामुळं खरी भेट घेऊन आलेला माणूसही आधी चोरच ठरायचा.

दिनकर असाच चोर ठरून माझ्याकडं आला. नावं मी बदलली आहेत. बाकी झालं तसं सांगते.

शिवाजी पेठेतला, चाळिशीला टेकलेला, तालमीत घुमलेला गडी. शिरोलीला भाड्याच्या शेडमध्ये त्याचं टर्निंगचं काम होतं. फाउंड्रीतून आलेले ओतीव भाग लेथवर घासून मापात आणून द्यायचे. एका लेथवर सुरुवात केलेल्या दिनकरनं थोडक्या काळात आणखी मशीनं घेतली होती. पैसे कुठून आले, अशी नोटीस आली. पठ्ठ्या कुणाला न विचारता एकटाच साहेबांपुढं गेला आणि शपथेवर जबाब देऊन आला.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"आफ्रिकेतल्या मामानं दिलं म्हनून सांगितलं."

"बरं. मामांचं नाव?"

त्यानं घडी घातलेले कागद माझ्यापुढं सरकवले. मी बँकेचा कागद उलगडला. पैसे कुवेतहून आलेले. पाठवणारीचं नाव, शालन.

"मामांचं नाव शालन?"

"न्हाय."

"मग ही शालन कोण?"

खाली रस्त्यावर हमाल पोती उतरवत होते, त्यांचा दंगा वर येत होता. दिनकरनं उठून खिडकी लोटली. मग म्हणाला, "भन हाय माजी. थोरली. तितं दवाखान्यात नर्स हाय."

"आणि मामा?"

"मला मामाच न्हाय, वकीलबाई."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं. बहिणीचं नाव का सांगितलं नाही, असं विचारल्यावर तो उसळला. "भनीच्या पैशावर कारखाना काढला म्हनून सांगू? पेठेत ऱ्हायाचं हाय मला. भाऊ भनीला ओवाळणी घालतो, का भन भावाला?"

साहेबांना बँकेच्या कागदावरचं बाईचं नाव दिसलं होतंच. मामा सांगतो आणि पाठवणारी बाई निघते, म्हणजे नक्कीच दलालाचं काम, अशी त्यांची खात्री झाली होती. ती सगळी रक्कम दिनकरचं लपवलेलं उत्पन्न धरली जाणार होती. त्यावर कर, वर दंड. मशीनं विकल्याशिवाय ते फिटण्यासारखं नव्हतं. यातून बाहेर पडायला एकच वाट होती. शालनचं पत्र आणायचं, ती त्याची सख्खी बहीण आहे हे दाखवायचं, आणि आधीचा जबाब खोटा होता हे दिनकरनं तोंडानं कबूल करायचं.

नात्याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे आईचं प्रतिज्ञापत्र. ही दोन्ही माझी मुलं, एवढं तिनं लिहून दिलं की झालं. म्हणून मी पेठेत त्यांच्या घरी गेले.

दार दिनकरच्या आईनं उघडलं. नऊवारी, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. "या, या. बसा. च्या टाकतो." आमच्या कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, बाहेरच्यांना ते गमतीचं वाटतं. चहा घेताना मी अजून विषय काढलाही नव्हता, तोवर शेजारीण डोकावली आणि म्हातारी सुरू झाली. आफ्रिकेत तिच्या भावाचा कॉफीचा मळा होता. घराच्या पायरीला वाघ-सिंव्ह येऊन बसायचे. तिथल्या कामगारांना तो मराठी शिकवत होता. भावाला बहिणीची एवढी माया की दर सणाला पैसा धाडतो. शेजारीण भक्तिभावानं ऐकत होती. मीही ऐकत राहिले. इतकं तपशीलवार खोटं मी साहेबांसमोरच्या बड्या व्यापाऱ्यांकडूनही ऐकलं नव्हतं.

शेजारीण गेल्यावर मी कागद काढला. "तुम्हाला मुलं किती?"

"एकच. दिनकर."

"आणि शालन?"

म्हातारीनं उठून दार लोटलं. परत बसली तेव्हा आवाज खाली आला होता. "ती तिच्या सासरला नांदती."

"मला दिनकररावांनी सांगितलंय."

"सांगितलंय तर मग कशाला इचारता?" ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "नवऱ्यानं टाकली पोरीला. बरं, टाकली तर घरात बसावं का न्हाय? नर्स झाली. ते झालं न्हाय तोवर समिंदरापल्याड गेली. आता माजी नात लगनाला आलीया. आत्या टाकलेली, ती बी परदेशात परक्या बाप्यांची दुखनी काढती, असं कळल्यावर कोन पोरगी करून घील? वकीलबाई, तुमी शिकलेल्या हायसा. पर तुमास्नी पेठ म्हाईत न्हाय."

"तिच्या पैशानं मशीनं आली, आई."

"म्हनून तर भाऊ केला न्हवं का एक," ती म्हणाली. "पैसा कुनीतरी दिला म्हनून सांगाय नगं?"

प्रतिज्ञापत्रावर अंगठा तिनं दिला नाही. मी शाळेच्या दाखल्यांवर काम भागवायचं ठरवलं आणि शालनला पत्र लिहिलं. काय घडलंय ते सरळ लिहिलं, कारण आधी दिलेला जबाब का बदलायचा हे तिला कळल्याशिवाय तिची सही घेणं मला बरं वाटेना. सोबत बक्षीसपत्राचा मसुदा जोडला.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. मसुदा सहीविनाच परत. सोबत थोड्याच ओळी. पैसे मीच पाठवले. पण माझा भाऊ सरकारपुढं मामाचं नाव सांगत असेल तर सहीही मामाचीच घ्यावी. मी पुढच्या महिन्यात सुट्टीवर येत आहे.

दिनकरला ते वाचून दाखवलं तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. थोड्या वेळानं खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, "सही काय, कोनबी करंल की. इंग्रजीत तर करायची. कोन बगतंय?"

"दिनकरराव," मी म्हणाले, "आधी खोटा मामा केलात. आता खोटी बहीण करणार?"

तो गेला. मी साहेबांकडं मुदत मागायला गेले. हे साहेब धारवाडकडचे, शिस्तीचे, शब्द तोलून मराठी बोलणारे. म्हणाले, "बाई, मामा मिळाला नाही म्हणून आता बहीण शोधताय. बहीण मिळाली नाही तर पुढं कोण? आजी?" पण तारीख दिली.

शालन आली ती घरी न जाता थेट माझ्या ऑफिसात. मी मनाशी कुणी थकलेली, रडवेली बाई कल्पिली होती. आली ती सरळ पाठीची, साधी नायलॉनची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायांत चपला नव्हे, बूट. उतरली होती मिरजेच्या एका जुन्या मैत्रिणीकडं. बोलणं स्वच्छ, पुस्तकी. दवाखान्यात घोटून घेतलेलं.

"मी सही केली नाही तर काय होईल?" तिनं पहिलाच प्रश्न विचारला.

मी सांगितलं. रक्कम त्याच्या उत्पन्नात धरतील. कर, दंड. मशीनं जातील.

"आणि केली तर?"

"बहुतेक सुटेल."

तिनं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग मागच्या सुट्टीतली हकिगत सांगितली. घरी पूजा होती. आईनं दारातच तिच्या हातात मंगळसूत्र ठेवलं आणि म्हणाली, घाल, बायका येणार आहेत, जावई मुंबईला असतात म्हणून सांग. तिनं घातलं. प्रसादाला आलेल्या बायकांनी तिच्यादेखत आईला विचारलं, आफ्रिकेतले भाऊ कसे आहेत? आणि तिचा भाऊ, जो समोर ताटं वाढत होता, तो म्हणाला, मामांचं पत्र आलंय, बरे आहेत.

"मी त्यानं ताटात वाढलेलं जेवले आणि निघाले," ती म्हणाली. "दुसऱ्या महिन्यात पुन्हा पैसे पाठवले. का पाठवले, विचारू नका."

"साहेब तेच विचारतील."

मी मसुदा पुढं केला, ते ठरलेलं वाक्य मराठीत करून सांगितलं. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. "हे काढा. मागितले म्हणून दिले, असं लिहा."

"तसं लिहिलं तर उसने दिल्यासारखं होतं. राजीखुशीनं दिलेत, एवढं तरी लागेल."

"मग कागद राहू दे. मी साहेबांसमोर बोलेन. पण त्याला माझ्यासमोर बसवा. माझ्याकडं बघून सांगू दे, पैसे कोणी दिले."

इतक्या वर्षांत देणारं माणूस सुनावणीला स्वतः आल्याचं मी क्वचितच पाहिलं. साहेबही जरा सावरून बसले. भाऊ-बहिणीला शेजारी खुर्च्या दिल्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. शालननं पासपोर्ट, पगाराचे दाखले स्वतः काढून टेबलावर मांडले, इंजेक्शनची तयारी करावी तसे, एकेक सरळ रेषेत. मी दोघांचे शाळेचे दाखले ठेवले. साहेबांनी सगळं बारकाईनं पाहिलं आणि दिनकरकडं वळले.

"तुम्ही मागच्या वेळी शपथेवर मामा सांगितलात. तो मामा कुठं आहे?"

"न्हाय, साहेब."

"इथं नाही की कुठंच नाही?"

"कुटंच न्हाय."

"मग पैसे कोणी दिले?"

दिनकरनं रुमालानं मान पुसली. "हिनं," तो म्हणाला.

"हिनं म्हणजे कोणी?"

"भनीनं. शालननं. ती नर्स हाय." मग एकदम सगळं बाहेर पडलं. "मला लाज वाटत हुती, साहेब. चारचौघांत मामा म्हटलं की मान मिळायचा. हिचं नाव घेतलं असतं तर लोक हसलं असतं. म्हनून खोटं बोललो. दलाल-बिलाल कुनी न्हाय. रगताचं पानी करून हिनं दिलं ते पैसं."

साहेबांचा लेखनिक लिहीत होता. साहेबांनी शालनकडं बघितलं. "तुम्हाला कोणी बळजबरी केली?"

"नाही."

"परत मिळावेत अशी अट?"

"नाही."

"भाऊ जगासमोर तुमचं नाव घेत नाही. तरी का दिलेत?"

शालननं टेबलावरचा पासपोर्ट मिटला. मला वाटलं, आता ही 'मागितले म्हणून' असं म्हणते आणि आपली केस जाते. ती बोलू लागली तेव्हा तिचं ते पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेलं.

"साहेब, मला नवऱ्यानं टाकली तवा मी नर्सिंगचा फारम भरला. त्येच्यावर घरच्या बाप्याची सही लागत हुती, पालक म्हनून. वडील न्हवतं. दोन चुलत्यांनी न्हाय म्हनून सांगितलं. आईनं फारम चुलीत घालाय काढला. ह्येनं तिच्या हातातनं काढून घेतला. माज्यापेक्षा ल्हान ह्यो, मिसरूडबी फुटलं न्हवतं. माजा पालक म्हनून ह्येनं सही केली. चुलत्यांनी त्येला मारलं, आई त्येच्याशी किती दीस बोलत न्हवती. तरी मला मिरजेला पोचवाय ह्योच आलता." ती पहिल्यांदा दिनकरकडं वळली. "तवा घाबरला न्हाईस रं. आता एवढा बाप्या झालास आनि घाबरतोस?"

दिनकर लहान मुलासारखा दोन्ही तळव्यांनी डोळे पुसू लागला. साहेबांनी एक-दोन कागद उगाच उलटले. मग लेखनिकाला म्हणाले, "लिहा. देणारीनं नैसर्गिक प्रेम आणि आपुलकीपोटी..." आणि थांबून शालनला विचारलं, "असं लिहिलं तर चालेल ना, अक्का?"

"लिवा," ती म्हणाली. "सही करतो."

सुनावणी संपवून आम्ही व्हरांड्यात आलो. तिथं नेहमीप्रमाणे माणसं ताटकळत उभी होती. त्यांत पेठेतलाच एक दूधवाला निघाला, दिनकरचा तालमीतला जोडीदार. त्यानं दिनकरचे लाल डोळे बघितले, शालनला बघितलं, पण इतक्या वर्षांनी तिला ओळखलं नाही.

"काय दिनकरराव, कोन पावणं?"

मी बघत होते. दिनकरचा हात खिशातल्या रुमालाकडं गेला आणि परत आला.

"थोरली भन माजी," तो म्हणाला. "कुवेतला नर्स असती. मशीनं हिनंच घेऊन दिली. मामा-बिमा काय न्हवतं."

दूधवाल्यानं शालनकडं आदरानं बघितलं, दोन पावलं पुढं आला आणि विचारलं, "नर्स हायसा? बरं झालं बाई. आमच्या म्हातारीचा गुडगा लई दुखतोय. तिकडं कायतरी मलम असंल की?"

एवढंच. ज्या पेठेच्या भीतीनं एका बाईला घरातून पुसून टाकलं होतं, त्या पेठेला फक्त गुडघ्याची काळजी होती. शालननं तिथंच उभ्या उभ्या त्याची उलटतपासणी सुरू केली. सूज आहे का, सकाळी जास्त दुखतो की रात्री, वजन किती. साहेबांनीसुद्धा आम्हाला एवढे प्रश्न विचारले नव्हते.

निकाल आमच्या बाजूनं लागला. खोट्या जबाबाबद्दल साहेबांनी चार खरमरीत ओळी लिहिल्या, पण भेट खरी धरली. मशीनं वाचली.

घरचा निकाल लागायला मात्र वेळ गेला. शालन त्या सुट्टीत घरी राहिली, पण आई तिच्याशी तुटक बोलायची. नुसतं "जेव" आणि "झोप". दूधवाल्यानं पेठभर बातमी केलीच होती. आता मामाचं काय करायचं, हा म्हातारीपुढचा पेच होता. परत जायच्या आधी शालन मला भेटायला आली, ती पदर तोंडाला लावून हसतच.

"मामा वारले, वकीलबाई."

"काय?"

"परवा सकाळी आईनं डोक्यावरनं आंघोळ केली, भिंतीला टेकून बसली आणि शेजारणीला सांगितलं, तार आली, भाऊ गेला. सिंहानं खाल्ला, असं सांगणार होती. दिनकरनं हातापाया पडून नुसता ताप येऊ दिला. घरात चूल पेटवायची नाही म्हणून दुपारी शेजारणींनी कडू घास आणला. झुणका, भाकरी, भात. आईनं खरंच डोळ्यांतून पाणी काढलं, हो. एवढी वर्षं सांभाळलेला भाऊ होता तो. मीही बसले पंगतीला. सुतक कसलं, पोटभर जेवले."

नातीचं लग्न गडहिंग्लजच्या एका चांगल्या घरात झालं. आत्याची चौकशी कुणी केली नाही असं नाही. केली, आणि मग मुलाच्या बापानं आपला एक्स-रे शालनला दाखवायला आणला. माझ्या कानावर हे सगळं तुकड्यातुकड्यानं येत होतं. कधी दिनकर हिशेबाला आला की, कधी शालनच्या पत्रातून. मी तिच्या मागं एकच लकडा लावला होता, की आता सगळं भावाला देऊ नको, स्वतःच्या नावावरही ठेव. ते तिनं ऐकलं. माझ्या सल्ल्यांपैकी पक्षकारांनी ऐकलेले सल्ले थोडे. त्यातला हा एक.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला ती नोकरी सोडून कायमची परत आली. तोवर मला रक्तदाबानं गाठलं होतं. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला मोजून घेत चला. मी म्हटलं, ओळखीची नर्स पेठेत आहे, तिच्याकडंच जाते.

संध्याकाळी गेले तर दिनकरच्या घराच्या पायऱ्यांवर बायकाच बायका. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी, कुणी पाय धरून बसलेली. आत सोप्यात शालन खुर्चीवर बसून एका बाईच्या दंडाला पट्टा गुंडाळत होती. दारात पाट टाकून, हातात काठी घेऊन दिनकरची आई बसली होती. आता नजर कमी झाली होती, आवाज तसाच होता. मी ओळख सांगून आत शिरायला लागले तर काठी आडवी आली.

"वकीलबाई असा, न्हायतर कलेक्टर असा. लंबरानं बसायचं. माजी लेक हाय ती, यंतर न्हवं. एकटी किती जनीस्नी बगनार?"

मी शेवटच्या पायरीवर जागा करून घेतली आणि नंबर येईपर्यंत बसून राहिले.